‘साइट उघडत नाही’ या एका वाक्यात किती विधानं आहेत?



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एकदोघांनी मला विचारलं, की तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता हे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याचं काय काढलंय? प्रश्न रास्त आहे. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. आज जे सांगणार आहे ते एका माजी विद्यार्थ्याने मला माझ्याच टेबलाशी बसून शिकवलं. ते शिकण्याच्या काही तास आधी मी त्याच्यावर अन्याय केला होता. म्हणून हा विषय मी निवडला. यात थोडं तंत्र आहे, थोडं प्रमाणशास्त्र आहे, आणि थोडी माझी कबुलीही आहे.

तक्रार

आमचं एक छोटं अभ्यासमंडळ आहे. त्याचं संकेतस्थळ आहे, त्यावर जुन्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं असतात, पुढच्या कार्यक्रमांची नोंदणी होते. हे सगळं हा मुलगा विनामोबदला सांभाळतो. दिवसभर नोकरी करतो आणि रात्री आमचं काम.

एका सकाळी मी साइट उघडायला गेलो. उघडेना. पडद्यावर पांढरं पान, वर ते गोल गोल फिरणारं चिन्ह, आणि शेवटी ‘ही साइट पोहोचण्याजोगी नाही’ अशा अर्थाचा संदेश. त्या दिवशी नोंदणीची शेवटची तारीख होती. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, माझ्याकडे तर उघडतेय.” मी म्हणालो, “अरे, माझ्याकडे उघडत नाही म्हणजे उघडत नाही. मागच्या महिन्यात तू सर्व्हर बदललास, तेव्हाच काहीतरी बिघडवलंस.” तो म्हणाला, “संध्याकाळी येतो सर.” मी तेवढ्यावर थांबलो नाही. कार्यकारिणीला एक पत्र लिहून मोकळा झालो, की हे काम आता कुणातरी जबाबदार माणसाकडे द्यावं.

चाळीस वर्षं वर्गात ‘हेत्वाभास’ शिकवणारा माणूस मी. ‘मला दिसत नाही, म्हणून ते नाही’ हे अनुमान मी करून बसलो, आणि त्यावर ‘ते नाही, म्हणून दोष अमक्याचा’ असा दुसरा मजलाही चढवला.

एका वाक्यातली पाच विधानं

संध्याकाळी तो आला. आल्या आल्या म्हणाला, “सर, ‘साइट उघडत नाही’ हे आपण सुटं करून बघूया.” मला गंमत वाटली, कारण हे वाक्य मी त्याला शिकवलं होतं. वाक्याचं विश्लेषण करा, मग वाद घाला.

तर सुटं करून बघा. ‘साइट उघडत नाही’ या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या शक्यता दडलेल्या असतात. एक, माझं स्वतःचं यंत्र जाळ्याला जोडलेलंच नाही. दोन, मी घरातल्या राउटरपर्यंत पोहोचतो, पण त्याच्यापलीकडे वाट नाही. तीन, वाट आहे, पण साइटच्या नावाचा पत्ता मला सापडत नाही, किंवा चुकीचा सापडतो. चार, पत्ता बरोबर आहे, पण त्या पत्त्यावरचं दार बंद आहे. पाच, दार उघडं आहे, पण आतला माणूस म्हणतो, “तुम्ही मागताय ते पान माझ्याकडे नाही,” किंवा “आत्ता माझीच तब्येत बरी नाही.”

ब्राउझर या पाचही वेळी आपल्याला जवळजवळ सारखाच चेहरा दाखवतो. खाली बारीक अक्षरांत कारण लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? काळ्या पडद्याचा उपयोग इथे आहे. तिथे तुम्ही एका वेळी एकच प्रश्न विचारता, आणि त्या एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं.

विंडोजवर ‘स्टार्ट’मध्ये जाऊन ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं टाइप केली की हा काळा पडदा उघडतो. मॅकवर आणि लिनक्सवर त्याला ‘टर्मिनल’ म्हणतात. मी आज्ञांची नावं मराठी उच्चाराने सांगतोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

सुरुवात आपल्या घरापासून

पहिली आज्ञा, ‘आयपीकॉन्फिग’. मध्ये जागा सोडायची नाही. ही आज्ञा बाहेर कुणाला काही विचारत नाही, आपल्याच यंत्राला विचारते: तुझा पत्ता काय, आणि बाहेर जायचं दार कुठलं? घरगुती जोडणीत पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून जो दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१. इथे जर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की राउटरने आपल्याला पत्ता दिलेलाच नाही आणि यंत्राने आपल्या मनाने एक लावून घेतलाय. मग जगाची चौकशी करण्यात अर्थ नाही, वायफाय किंवा केबल बघा.

माझं इथे सगळं ठीक होतं.

दुसरी आज्ञा ‘पिंग’. ही बरीच प्रसिद्ध आहे. माइक म्युस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. पाणबुडीतलं सोनार पाण्यात आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून हे नाव. काम तेच. एक लहानशी पुडी पाठवायची, ‘आहेस का?’ आणि समोरच्याने ती परत पाठवायची, ‘आहे.’ किती वेळात परत आली ते मिलिसेकंदात लिहून येतं. विंडोजवर चार वेळा हाक मारली जाते. मॅक आणि लिनक्सवर तुम्ही कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत हाका चालूच राहतात.

आधी राउटरला पिंग करायचं. माझ्याकडून चारही उत्तरं आली, दोन-तीन मिलिसेकंदांत. मग बाहेरच्या जगातल्या एखाद्या माहितीच्या पत्त्याला. त्याने मला ८.८.८.८ टाइप करायला सांगितलं. हा गूगलच्या सार्वजनिक नाव-शोध सेवेचा पत्ता. तो लक्षात राहायला सोपा, म्हणून सगळे तोच वापरतात. तिथूनही उत्तरं आली. एक लक्षात घ्या, इथे आपण नाव वापरलं नाही, आकडा वापरला. म्हणजे नावांची भानगड अजून सुरूच झालेली नाही, आणि वाट मोकळी आहे एवढं मात्र कळलं.

पहिल्या दोन शक्यता गेल्या. अजून साइटचं नावही घेतलेलं नाही, बघा. मी सकाळी सुरुवातच साइटपासून आणि तिच्या सांभाळणाऱ्यापासून केली होती.

जाता जाता, वेळेचा आकडाही काही सांगतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन येऊन किमान सव्वाशे मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात जास्त लागतात. अमेरिकेतल्या सर्व्हरला पिंग करून दोनशेच्या वरचा आकडा आला तर नेटवाल्याला शिव्या देऊ नका. तिथे निसर्गनियम आडवा येतोय.

नाव आणि पत्ता

आता नाव. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसांना नावं लागतात. आर्पानेटच्या काळात, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यात, सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे ती यादी सांभाळण्याचं काम होतं. बाकीचे लोक तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही एकच वही पुरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी व्यवस्था मांडली. तिला डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, म्हणतात.

तिची युक्ती आपल्या ओळखीची आहे. पुण्यात पत्ता विचारत जाणारा माणूस काय करतो? स्टेशनवर विचारतो, तिथला माणूस म्हणतो, “सदाशिव पेठेत जा, तिथे विचारा.” पेठेतला म्हणतो, “त्या बोळात विचारा.” बोळातला घर दाखवतो. सगळ्यांना सगळं माहीत नसतं. पुढे कुणाला विचारायचं एवढं माहीत असतं. डीएनएसमध्ये स्टेशनच्या जागी मूळ सर्व्हर आहेत. त्यांची नावं तेरा, इंग्रजी ए पासून एम पर्यंत. ते म्हणतात, ‘डॉट इन’वाल्यांना विचारा. ते म्हणतात, अमक्या नावाचा हिशेब तमक्याकडे आहे. आणि तो तमका पत्ता देतो. आता आपल्या लिपीतही नावं घेता येतात, शेवटी ‘डॉट भारत’ असलेली. पण वाटेतल्या यंत्रणेसाठी त्या देवनागरी नावाचं आधी इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं. म्हणून काळ्या पडद्यावर कधी ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा अशी विचित्र सुरुवात दिसली तर घाबरू नका, ते आपलंच नाव आहे.

प्रत्येक वेळी कुणी मुळापासून विचारत बसत नाही. मिळालेलं उत्तर जपून ठेवतात. किती वेळ जपायचं, तेही उत्तरातच लिहिलेलं असतं, सेकंदांमध्ये. ३६०० लिहिलं असेल तर एक तास. तास झाला की ते उत्तर टाकून द्यायचं आणि पुन्हा विचारायचं. साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की लोक म्हणतात, ‘नवा पत्ता जगभर पसरायला वेळ लागतो.’ खरं तर काही पसरत नसतं. ठिकठिकाणी जपलेली जुनी उत्तरं आपापली मुदत संपून गळून पडतात, एवढंच. म्हणून जाणकार माणूस स्थलांतराच्या आधीच ही मुदत तासांवरून काही मिनिटांवर आणून ठेवतो. या मुलाने ते केलं होतं, हे मला नंतर कळलं.

तर आता आमच्या साइटच्या नावाने पिंग केलं. चारही वेळा उत्तर, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. मी लगेच म्हणालो, “बघ! मेलाय तुझा सर्व्हर.” तो म्हणाला, “सर, घाई नको. पहिली ओळ वाचा.” पहिल्या ओळीत पिंग सांगतं की तुमच्या नावाचा मी कुठला पत्ता समजलो. खरे आकडे इथे देत नाही, त्यांच्या जागी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आकडे सांगतो. समजा, १९२.०.२.१० असा पत्ता तिथे होता. त्याने तो कागदावर लिहून घेतला. इथे जर ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असं आलं असतं, तर नावाचा पत्ताच सापडला नाही असा अर्थ झाला असता. पत्ता सापडला होता.

मग तिसरी आज्ञा, ‘एनएसलुकअप’, जागा सोडायची आणि साइटचं नाव. ही आज्ञा फक्त एकच काम करते, नाव-शोध सेवेला पत्ता विचारते. उत्तर आलं, २०३.०.११३.२५.

मी दोन्ही आकडे बघत राहिलो. तो म्हणाला, “सर, एकाच यंत्रावरून एकाच नावाचा पत्ता दोनदा विचारला, आणि दोन उत्तरं आली.” मग त्याने तीच आज्ञा पुन्हा द्यायला लावली, शेवटी ८.८.८.८ जोडून. म्हणजे आपल्या नेटवाल्याच्या नाव-शोध सेवेला न विचारता दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. तिथूनही शेवटी २५च. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एक सांगतायत, आणि माझं पिंग वेगळं सांगतंय. मग चूक कुठे शोधायची?

घरातली वही

इथे या दोन आज्ञांमधला फरक समजून घेतला पाहिजे. मला वाटतं आजच्या व्याख्यानातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही आहे. एनएसलुकअप थेट गावात जाऊन विचारतं. पिंग आणि ब्राउझर मात्र आधी आपल्या यंत्राला विचारतात, आणि यंत्र गावात जाण्याआधी घरातली एक वही बघतं. ती वही म्हणजे ‘होस्ट्स’ नावाची फाइल. मघाशी सांगितलेल्या त्या स्टॅनफर्डच्या एका यादीची ही वारसदार. आजही प्रत्येक विंडोज, मॅक आणि लिनक्स यंत्रात ती असते, आणि तिच्यात एखादं नाव सापडलं तर यंत्र साधारणपणे बाहेर कुणाला विचारत नाही. म्हणून या दोन आज्ञा वेगवेगळे पत्ते सांगायला लागल्या, की पहिला संशय या वहीवर घ्यायचा.

एक सोपी शक्यता आधी तपासली. यंत्राने जपून ठेवलेलं जुनं उत्तर पुसायला आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ असं लिहायचं. लिहिलं. पिंग पुन्हा त्याच जुन्या पत्त्यावर. मग त्याने होस्ट्स फाइल उघडली. विंडोजच्या फोल्डरात ‘सिस्टिम थर्टीटू’, त्यात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’, तिथे ती असते. शेवटच्या ओळीत आमच्या साइटचं नाव, आणि आधी तो १० ने संपणारा पत्ता.

ती ओळ मीच लिहिली होती.

दोन वर्षांपूर्वी साइट पहिल्यांदा हलवायची होती. लोकांना दिसण्याआधी नवी साइट मला बघायची होती. म्हणून त्याने फोनवर ही युक्ती सांगितली, मी टाइप केली. “बघून झालं की ती ओळ काढून टाका सर,” असंही तो म्हणाला होता. मी काढली नाही. दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण ती ओळ खरी होती. मागच्या महिन्यात सर्व्हर पुन्हा बदलला. सगळ्या जगाला नवा पत्ता कळला. माझं एकट्याचं यंत्र रोज इमानाने जुन्या घराचं दार वाजवत होतं.

त्याने त्या ओळीच्या सुरुवातीला एक ‘हॅश’चं चिन्ह टाकलं, म्हणजे ती ओळ यंत्राने वाचायची नाही. फाइल जपली. साइट उघडली.

मौनाचा अर्थ

गोष्ट इथे संपत नाही. मी उत्साहाने पुन्हा पिंग केलं, की आता बघू. पहिल्या ओळीत बरोबर पत्ता, २५ ने संपणारा. आणि खाली चार वेळा, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. साइट समोर उघडी आहे, तिच्यावरचं माझंच भाषण वाजतंय, आणि पिंग म्हणतंय, उत्तर नाही!

तो हसला. म्हणाला, “सर, नव्या सर्व्हरने पिंगला उत्तर देणं बंद ठेवलंय. अनेक जण ठेवतात.” म्हणजे सकाळी मी जरी पिंग केलं असतं आणि बरोबर पत्त्यावर केलं असतं, तरी त्या मौनावरून सर्व्हर मेलाय असं म्हणता आलं नसतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या परंपरेत यावर फार बारीक विचार झालाय. ‘जमिनीवर घट नाही’ हे मला कसं कळतं? कुमारिल भट्टांची मीमांसा म्हणते, अभाव कळण्याचं एक स्वतंत्र प्रमाण आहे, अनुपलब्धी. अद्वैत वेदान्तानेही ते मानलं. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र प्रमाण मानायची गरज नाही. वाद मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. पण एक अट महत्त्वाची आहे. न दिसणं हे ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. भर उजेडात, डोळे उघडे ठेवून घट दिसला नाही, तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

पिंगचं मौन अंधाऱ्या खोलीतलं आहे. पिंगचं उत्तर आलं तर यंत्र आहे हे कळतं. उत्तर नाही आलं, तर यंत्र नसेल, वाट नसेल, किंवा यंत्र गप्प बसायचं ठरवून बसलं असेल.

‘ट्रेसर्ट’ या आज्ञेचंही तसंच. मॅक आणि लिनक्सवर तिचं पूर्ण नाव ‘ट्रेसरूट’. ही वाटेतले थांबे दाखवते. तिची युक्ती सुरेख आहे. प्रत्येक पुडीवर एक आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पुडी टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मग आपण मुद्दाम एक आकडा घालून पुडी पाठवायची, पहिला थांबा आपलं नाव सांगतो. दोन घालून पाठवायची, दुसरा सांगतो. काही थांबे कळवतच नाहीत, तिथे नुसत्या चांदण्या दिसतात. मधल्या ओळीत चांदण्या आणि पुढच्या ओळीत उत्तर असेल, तर वाट तुटलेली नाही. मधला थांबा अबोल आहे, इतकंच.

मग उजेड कुठे मिळतो? ज्या कामासाठी दार आहे, तेच काम मागायचं. वेब सर्व्हरला पिंगचं उत्तर द्यायची सक्ती नाही, पण पान मागितलं तर काहीतरी उत्तर देणं हे त्याचं कामच आहे. त्यासाठी ‘कर्ल’ ही आज्ञा. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ती आपोआप येते. कर्ल, मग आडवी रेघ आणि मोठा आय, मग साइटचा पूर्ण पत्ता, ‘एचटीटीपीएस’पासून. ती अख्खं पान न आणता फक्त वरची चिठ्ठी आणते.

तिची उत्तरं नीट वाचायला शिका, त्यात आपल्या पाच शक्यता सुट्या होऊन येतात. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ म्हणजे नावाचा पत्ता नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे मौन. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे दार उघडलं नाही, पण कुणीतरी आतून नाही म्हणालं. हे मौनापेक्षा खूप जास्त सांगतं, कारण नाही म्हणायला तिथे कुणीतरी लागतं. बहुधा यंत्र चालू असतं आणि त्यावरचं वेबचं काम बंद पडलेलं असतं. प्रमाणपत्राची तक्रार आली तर आधी स्वतःच्या यंत्राची तारीख बघा. ती चुकली असली तरी चांगलं प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटतं. आणि आकडा आला, तर तुम्ही पोहोचलात. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे हे पान इथे नाही, ५०० च्या घरातला आकडा म्हणजे सर्व्हर आतून आजारी. त्या शेवटच्या बाबतीत सांभाळणाऱ्याला फोन करायला हरकत नाही. पण तेव्हाही आकडा सांगा, आरोप नको.

आणखी एक. पत्ता कळला म्हणून नाव टाकून देऊ नका. एकाच पत्त्यावर शेकडो साइट राहू शकतात, एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत तशा. दारात गेल्यावर ब्राउझर नाव सांगतो, तेव्हा सर्व्हरला कळतं की कोणाचं बिऱ्हाड हवंय. म्हणून ब्राउझरमध्ये नुसता आकडा टाकून भलतीच साइट उघडली, तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

लॅरिसाचा रस्ता

शेवटी त्या ओळीकडे पुन्हा येतो, जी दोन वर्षं खरी होती. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो, लॅरिसाला जाणारा रस्ता ज्याला माहीत आहे तो माणूस, आणि ज्याला माहीत नाही पण ज्याचा अंदाज बरोबर आहे तो माणूस, यांच्यात फरक काय? दोघंही लॅरिसाला पोहोचतात. मग सॉक्रेटिस डेडॅलसच्या मूर्तींचा दाखला देतो. त्या बांधून ठेवल्या नाहीत तर पळून जातात म्हणे. बरोबर मत तसंच असतं. कारणाने बांधलं नाही, तर टिकत नाही.

हे मी किती वर्षं शिकवलं याची गणती नाही. होस्ट्स फाइलमधली माझी ओळ हे बरोबर मत होतं. तिला मुदत नव्हती, ‘पुन्हा कधी विचारायचं’ हे तिच्यात लिहिलेलं नव्हतं. डीएनएसच्या प्रत्येक उत्तराला मात्र मुदत असते. मी खरा आहे, पण तासाभराने पुन्हा विचार, असं ते सांगतं. आपल्या माणसांबद्दलच्या मतांनाही अशी मुदत असावी असं मला त्या संध्याकाळी वाटलं. हा मुलगा विद्यार्थी असताना एकदा निबंध वेळेवर द्यायला विसरला होता. ‘हा थोडा निष्काळजी आहे,’ ही ओळ मी तेव्हा माझ्या वहीत लिहिली असणार. ती कधी तपासलीच नाही. सकाळी साइट उघडली नाही, तेव्हा बाहेर कुणाला न विचारता मी सरळ त्या ओळीवर गेलो.

तो गेल्यावर मी कार्यकारिणीला दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यापेक्षा लांब झालं. त्याची प्रत त्यालाही पाठवली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, “सर, ती ओळ नुसती हॅश लावून ठेवलीय, पूर्ण काढून टाका.” काढली.

तेव्हा पुढच्या वेळी साइट उघडली नाही, तर कुणालाही फोन करण्याआधी दहा मिनिटं काढा. आयपीकॉन्फिग, राउटरला पिंग, मग बाहेरच्या आकड्याला पिंग, मग एनएसलुकअप दोन ठिकाणी, मग कर्ल. प्रत्येक पायरीवर काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते कागदावर लिहा. मोबाइलचा डेटा लावून मोबाइलवरही एकदा बघा, तो दुसऱ्या वाटेने जातो. आणि पिंग व एनएसलुकअप वेगळे पत्ते सांगू लागले, तर आधी घरातली वही उघडा.

वेळ झाली, इथे थांबतो. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या वेळी जरूर बोलू.